कॉलेज करता करता सायन्स फिक्शन कादंबरी पूर्ण कशी करायची: सेमिस्टरच्या हिशोबाने एकेक टप्पा

ठाणे, ऐरोली, घणसोली, नेरूळ या पट्ट्यात कॉलेजात असताना विज्ञान कादंबरी लिहायला घेणारी पोरं भरपूर आहेत. माझ्याकडे वाचायला जे काही येतं त्याची अवस्था बहुतेक वेळा एकच असते. नकाशे आहेत, यानांची नावं आहेत, २१५० सालच्या सरकारची अख्खी रचना आहे, पहिलं प्रकरण पाच-सहा वेळा घासूनपुसून लखलखीत केलंय आणि तिसऱ्या प्रकरणानंतर काहीच नाही. मग टीवाय संपतं, नोकरी लागते, फाइल ड्राइव्हवर पडून राहते. यात टॅलेंट कमी पडतं असं मला अजिबात वाटत नाही, क्रम चुकतो. जे काम सुट्टीत करायचं ते सबमिशनच्या आठवड्यात करायला जातात, आणि जे लोकलमध्ये उभ्याउभ्या होईल त्यात अख्खा मे महिना घालवतात. म्हणून खाली सगळं क्रमाने देतोय. टप्पे गाळू नका, खास करून दुसरा आणि चौथा.

टप्पा १: आधी कॅलेंडर, मग कादंबरी

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर घ्या. इंटर्नल, सबमिशन, प्रॅक्टिकल, व्हायवा, सेमिस्टरची परीक्षा, केटी असेल तर तिची तारीख, कॉलेज फेस्टमध्ये असाल तर डिसेंबर-जानेवारी, घरी गणपती असेल तर ते दिवस, मे मध्ये गावी जाणार असाल तर तेही, सगळं लाल पेनने मारा. उरलं ते तुमचं. ते फार नसतं, पण पुरतं.

आता हिशोब. पहिल्या कादंबरीसाठी ४५,००० शब्द हे बरं टार्गेट आहे, छापील पुस्तकात साधारण १६०-१८० पानं होतात. इंग्रजीवाले ऐंशी हजार, लाख वगैरे आकडे सांगतात ते बघून घाबरू नका, मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. उन्हाळी सुट्टीतले लग्नं आणि गाव वजा जाता ३० दिवस, रोज ८०० शब्द, झाले २४,०००. दिवाळीच्या सुट्टीतले १२ दिवस धरा, तिथे ९,६०० निघतात. राहिले साडेअकरा हजारच्या आत, ते शनिवार-रविवार मिळून ५०० या दराने चोवीस वीकेंडमध्ये होतात. म्हणजे एका वर्षात कच्चा खर्डा. त्यासाठी रात्र रात्र जागायची काही गरज नाही.

तीन वर्षांच्या डिग्रीला माझं वाटप असं: एफवायला वाचन आणि चार-पाच छोट्या कथा, एसवायला कल्पना, माहिती आणि प्रसंगांची यादी, एसवाय संपल्यावरच्या सुट्टीत खर्डा सुरू, टीवायच्या दिवाळीत आणि वीकेंडला उरलेला खर्डा, दुरुस्ती टीवायच्या परीक्षेनंतर. इंजिनिअरिंगवाल्यांनी सगळं एक वर्ष पुढे ढकलायचा मोह होऊ देऊ नका, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आणि प्लेसमेंट दोन्ही असतात, तुमचा खर्डा थर्ड इयरमध्येच संपायला हवा.

*तपासणी:* या वर्षातले तुमचे लिहायचे दिवस नेमके किती, हा आकडा कागदावर आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: एकच 'जर'

विज्ञान कादंबरीला एक गृहीतक पुरतं. एकच. आपल्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत टाइम ट्रॅव्हल असतं, परग्रहावरचे लोक असतात, शिवाय बंडखोर एआय असतो आणि नायकाला टेलिपथी येते. वाचक एक अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतो, दुसरीला भुवई उंचावतो, तिसरीला पुस्तक मिटतो.

उदाहरण घेऊन बोलू, पुढच्या सगळ्या टप्प्यांत हेच वापरतो. नवी मुंबईत होल्डिंग पॉण्ड आहेत, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई जिथे लोक सकाळी चालायला जातात ते मुळात अशाच एका पॉण्डभोवती उभारलंय. शहराचा बराच भाग सखल, भराव घातलेला. नाल्यांचं पावसाचं पाणी या पॉण्डमध्ये येतं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने फ्लॅप गेट बंद होतं, समुद्र आत येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने गेट उघडतं आणि साचलेलं पाणी खाडीत जातं. पॉण्डमध्ये गाळ भरला तर मावणारं पाणी कमी होतं, आणि भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला तर काय होतं ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता 'जर': २०७० साली ही सगळी गेटं एका यंत्रणेच्या ताब्यात आहेत आणि सगळी नोड (म्हणजे वाशी, नेरूळसारखे शहराचे भाग) एकदम वाचवणं शक्य नसलं की कुठल्या नोडमध्ये पाणी सोडायचं हे ती ठरवते. बस. उडत्या रिक्षा नकोत, रोबो मोलकरीण नको.

मग या 'जर'ला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून काढा. याचा फायदा कोणाला? याची किंमत कोण मोजतं? आणि किंमत मोजणाऱ्यांपैकी कोण गप्प बसणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचं मुख्य पात्र. हे उलट्या बाजूने करू नका, म्हणजे आधी 'डॅशिंग वैज्ञानिक आर्यन' तयार करून त्याला काम शोधत बसू नका.

*सावधान:* जगाची माहिती एका दोनशे पानी वहीतल्या पहिल्या वीस पानांत बसली पाहिजे. एकविसावं पान लागलं की तुम्ही कादंबरी टाळताय, बाकी काही नाही.

टप्पा ३: माहिती गोळा करणं, तेही मोजून

हे सेमिस्टर चालू असताना करायचं काम. प्रवासात होतं, लेक्चरच्या मधल्या गॅपमध्ये होतं. ठाण्यात असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे जाऊन बसा. कॉलेजची लायब्ररी तर फुकटच आहे आणि तिथलं फिजिक्सचं कपाट बहुतेक वेळा कोणी उघडत नाही. जागा मात्र पायाने बघा. खाडीवर कादंबरी असेल तर ऐरोलीला वन खात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा असं दोनदा जा, वास वेगळा असतो, चिखलाचा रंग वेगळा असतो, ते व्हिडिओत कळत नाही.

विज्ञानातल्या ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात त्या सांगतो.

मंगळावरचा माणूस ठाण्यातल्या आईशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारतो. नाही मारू शकत. मंगळ जवळ असतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास, लांब असतो तेव्हा चाळीस कोटी. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे निरोप पोचायला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं. आईने 'जेवलास का' विचारलं तर 'हो' यायला पाऊण तास लागू शकतो. आणि खरं सांगायचं तर हीच अडचण चांगली लिहिली तर तो प्रसंग गप्पांपेक्षा दसपट भारी होईल.

तिथेच दुसरी: मंगळावर गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, चंद्रावर साधारण एक षष्ठांश. पात्रं तिथे ठाणे स्टेशनचा जिना चढल्यासारखी धापा टाकत चालत असतील तर त्याला काहीतरी कारण द्या. यान फुटल्याचा आवाज निर्वात पोकळीत येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी लिहिताना 'कानठळ्या' येतातच.

आणि आपल्या उदाहरणातली खास: भरतीची वेळ. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमेला दुपारी बाराला पाणी चढलेलं दाखवलंत आणि चार दिवसांनंतरच्या प्रकरणातही बारालाच चढवलंत, तर कोळीवाड्यातला वाचक तिथेच हसेल. जुना ढोबळ हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी भरती अमावस्या-पौर्णिमेच्या बाजूला आणि भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान, अष्टमीच्या. एकदा प्रकरणांना तिथ्या लावून टाका, पूर्ण कादंबरीभर सुटका होते.

एआयला विचारलंत तर उत्तर एकदम ठसक्यात येतं, पण ठसका म्हणजे खात्री नव्हे. आकडा पुस्तकातून किंवा सरांकडून ताडून घ्या. सर लोक असे प्रश्न विचारले की खूष होतात, फक्त व्हायवाच्या दिवशी विचारू नका.

*तपासणी:* माहितीला एका महिन्याची मुदत. महिना संपला की जे मिळालं नाही त्यापुढे वहीत 'तपासा' लिहायचं आणि चौथ्या टप्प्यावर जायचं.

टप्पा ४: प्रसंगांची यादी

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून सगळे गाळतात, आणि म्हणूनच तिसऱ्या प्रकरणानंतर गाडी बंद पडते. चाळीस प्रसंग लिहा. प्रत्येकाला एक ओळ, जास्तीत जास्त दोन. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: कोण, कुठे, त्याला काय हवंय, काय बिघडतं. चाळीस प्रसंग आणि प्रत्येकी साधारण ११५० शब्द धरले की तुमचं ४५,००० चं गणित जमतं.

बहुतेकांच्या यादीत असं असतं: 'राणे कंट्रोल रूममध्ये जातो. यंत्रणेबद्दल कळतं.' यावर लिहायला बसलात तर अर्ध्या तासात मोबाईल हातात येईल. तेच असं करा: 'राणे, गेट ऑपरेटर, अमावस्येच्या रात्री वाशीच्या पॉण्डवर. त्याला गेट हाताने लॉक करून ठेवायचंय कारण बहिणीचं घर सेक्टर सहात. लॉकची किल्ली त्याच्या नावावरून आजच काढून घेतलेली.' यावर कोणीही हजार शब्द लिहील.

वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलंत तर मांडून, हलवून बघता येतं. हॉस्टेलला जागा नसेल तर फोनमधल्या नोट्स चालतील. पण शेवटचा प्रसंग आत्ताच ठरवा. 'लिहिता लिहिता सुचेल' म्हणणाऱ्यांना ते सहसा सुचत नाही. नंतर शेवट बदललात तरी हरकत नाही, चालायला दिशा तरी हवी.

*सावधान:* ज्या प्रसंगात 'कळतं', 'समजतं', 'जाणवतं' एवढंच घडतं ते सलग दोन आले की त्यातला एक काढा.

टप्पा ५: कच्चा खर्डा

आता सुट्टी लागलेली आहे. नियम थोडे, पण ते कडक पाळायचे.

१. पहिलं प्रकरण पुन्हा उघडायचं नाही. काल लिहिलेल्या शेवटच्या दोन परिच्छेदांच्या मागे जायचं नाही. मधेच सुचलं की राणेला बहिणीऐवजी भाऊ हवा, तर कंसात 'आता भाऊ' लिहा आणि तिथून पुढे भाऊच. मागचं दुरुस्तीत बघू.

२. आकडा अडला, नाव अडलं, 'तपासा' लिहा आणि पुढे. एक आकडा शोधायला नेट उघडलं की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

३. प्रसंग संपवून उठू नका, अर्ध्यावर उठा. पुढची ओळ काय ते माहीत असताना थांबलात तर उद्या बसल्या बसल्या सुरू होता.

४. युनिकोडमध्येच टाइप करा. अजूनही काही जण कॉलेजबाहेरच्या डीटीपीवाल्याकडून कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणतात, नंतर कन्व्हर्ट करताना जोडाक्षरांचा पार खिमा होतो. फोनवर मराठी कीबोर्ड चालतो, गुगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं, विरामचिन्हं मात्र नंतर हाताने टाकावी लागतात.

५. दर शुक्रवारी फाइल स्वतःला मेल करा, तारखेच्या नावाने.

जागेचं म्हणाल तर, संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलला ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभं राहून कोणी कादंबरी टाइप करत नाही. तिथे व्हॉइस नोट. संवाद तर तिथेच सुचतात कारण आजूबाजूला माणसं बोलत असतात. खरं टायपिंग घरी किंवा पालिकेच्या अभ्यासिकेत. अभ्यासिकेत एमपीएससीवाले ज्या पद्धतीने खाली मान घालून बसलेले असतात त्या वातावरणात तुम्हालाही मोबाईल काढायची लाज वाटते.

आता जरा भाषेबद्दल, कारण सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे मरतात. विज्ञान कादंबरी म्हटलं की पोरं एकदम शालेय पुस्तकाच्या मराठीत शिरतात आणि एक म्हातारा शास्त्रज्ञ आणतात जो पुतणीला सगळं समजावून सांगतो:

'"हे बघ सायली," डॉ. प्रधान चष्मा पुसत म्हणाले, "फ्लॅप गेट ही एक अशी यंत्रणा आहे की जी समुद्राच्या पाण्याच्या दाबामुळे…"' आणि असं पुढे दीड पान.

वाचकाला गेट कसं चालतं हे कळायला हवं, मान्य. पण ज्याला ते गेट उघडायचंय किंवा बंद करायचंय त्याच्याकडून कळू द्या:

'भरती चढली तसं गेट धाडकन बसलं. राणेने टॉर्च मारला. आतलं पाणी तिसऱ्या खुणेला टेकलेलं.
"ओहोटी कधी लागणार?"
"पाऊणला."
"तोवर पाऊस थांबला नाही तर सेक्टर सहा गेला."'

गेट, भरती, पाऊस, धोका, सगळं आलं आणि कोणी कोणाला शिकवलं नाही. पात्रं ऑफिसात, स्टेशनवर जशी बोलतात तशी बोलू द्या. सेन्सर, सिग्नल, बॅटरी हे शब्द खुशाल वापरा, गेट ऑपरेटर 'संवेदक' म्हणत नाही. निवेदनात कुठे गंभीर मराठी हवी असेल तर ती वापरा, पण राणेच्या तोंडी नको.

*तपासणी:* दर दहा प्रसंगांनंतर फक्त दोनच गोष्टी बघा. शब्द टार्गेटच्या जवळ आहेत का, आणि तुमच्या 'जर'ची किंमत या दहा प्रसंगांत कोणी मोजली का. चांगलं झालंय का हा प्रश्न आत्ता विचारायचा नाही.

टप्पा ६: परीक्षा आली

तीन आठवडे आधी थांबा, आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. फाइलच्या शेवटी पाच-सात ओळी लिहून ठेवा: आत्ता कोण कुठे आहे, कोणाला काय माहीत आहे, पुढचा प्रसंग कोणता, त्यातलं पहिलं वाक्य काय. या ओळी नसतील तर परीक्षेनंतर परत लय लागायला पंधरा दिवस जातात आणि दिवाळीची सुट्टी तिथेच संपते. आणि कादंबरीपायी केटी लावून घेऊ नका, केटीचा अभ्यास पुढच्या सेमिस्टरच्या लिहायच्या दिवसांतूनच कापला जातो.

टप्पा ७: दुरुस्ती, याच क्रमाने

खर्डा संपला की महिनाभर उघडू नका. मग प्रिंट काढा, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट काढली की स्वस्तात होते, आणि हातात पेन घेऊन वाचा.

पहिली फेरी फक्त गोष्टीची. कुठे कंटाळा आला तिथे समासात रेघ, बाकी काही नाही. प्रसंग काढायचे, जागा बदलायच्या, भावाची बहीण करायची ते सगळं या फेरीत. दुसरी फेरी विज्ञानाची: सगळे 'तपासा' शोधा, तिथ्या, अंतरं, वेळा, पात्रांची वयं जुळवा. तिसरी भाषेची, मोठ्याने वाचून. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. पोरं उलटं करतात, आठवडाभर ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि मग ते प्रकरणच काढावं लागतं.

टप्पा ८: वाचायला कोणाला द्यायची

तिघांना. एक जण जो या प्रकारचं खूप वाचतो, एक जण जो अजिबात वाचत नाही, आणि एक त्या विषयातला, म्हणजे आपल्या उदाहरणात सिव्हिलचा कोणीतरी किंवा पालिकेच्या पंपिंगवर काम केलेला माणूस. 'कशी वाटली' विचारू नका, 'मस्त' असं उत्तर येतं आणि तुम्ही तिथेच राहता. विचारा: कुठे थांबलात? कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं? राणेने किल्ली का चोरली, तुमच्या शब्दांत सांगा. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिघांनी तीन प्रकारे दिलं तर तो प्रसंग परत लिहायचा.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ टाकू नका. कोणी वाचत नाही, आणि फाइल फिरत राहते ते वेगळंच.

टप्पा ९: बाहेर पाठवणं

कादंबरीच्या आधी एखादी कथा बाहेर जाऊ द्या. मराठी विज्ञान परिषद विज्ञान रंजन कथांची स्पर्धा घेते, तिथे पाठवा. दिवाळी अंकांसाठी पाठवायचं असेल तर ऑक्टोबरची वाट बघू नका, बरेचसे अंक पावसाळ्यातच मजकूर गोळा करतात. कादंबरीतलाच एक प्रसंग स्वतंत्र कथा होण्यासारखा असेल तर तोच वापरा.

पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना नक्की बघा, ती पहिल्या पुस्तकांसाठीच आहे. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून, सांगितलंय त्याच स्वरूपात हस्तलिखित द्या.

प्रकाशकाला पाठवताना एक पानाचा सारांश (शेवटासकट, सस्पेन्स ठेवू नका), पहिली तीन प्रकरणं आणि चार ओळींचं पत्र. आधी त्यांची यादी बघा, विज्ञान कथा कधीच न छापणाऱ्याला पाठवून उपयोग नाही. कोणी 'पुस्तक छापू, एवढे भरा' म्हणालं तर ते स्वखर्चाने छापणं झालं. त्यात गैर काही नाही, पण किती प्रती, कागद कोणता, विकणार कोण आणि हक्क कोणाकडे हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कल्पना चोरीला जाईल म्हणून फाइल लपवून बसू नका. लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट आपल्याकडे लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, नोंदणी ऐच्छिक आहे, करायची असेल तर ऑनलाइन होते.

कोणाला काय कधी पाठवलं याची एक शीट ठेवा. उत्तर यायला महिने लागतात, तीनेक महिन्यांनी एक साधा मेल किंवा फोन करायला हरकत नाही. आणि पाठवलेली प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करून तिला हात लावू नका, नाहीतर प्रकाशकाचा होकार येईपर्यंत त्यांच्याकडे राणेला बहीण असते आणि तुमच्याकडे भाऊ.